न्याहारीला जांभूळवाटी

प्रश्न : आमचे पवना धरणाच्या काठी घरगुती मुक्कामाचे ठिकाण आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात. पोहे, थालीपीठ आवडीने खातात. पण हल्ली तरुण पाहुणे, विशेषतः सकाळी उठून योगासने करणारे, ‘स्मूदी बाउल मिळेल का?’ असे विचारतात. मोबाइलवर पाहून एकदा केला, तर तो ताकासारखा पातळ झाला आणि वर घातलेले सगळे तळाला गेले. त्यात सांगितलेल्या ब्लूबेरी, रास्पबेरी इकडे मिळत नाहीत. लोणावळ्यात मिळतात त्या परवडत नाहीत. हा पदार्थ खरेच पौष्टिक आहे का? आणि आमच्याकडच्या फळांत तो होईल का?
– एक वाचक भगिनी, पवनानगर परिसर

उत्तर : होईल, आणि ब्लूबेरीपेक्षा चांगला होईल. तुमचे पत्र मेअखेरीचे आहे. म्हणजे राजमाचीच्या वाटेवर, लोहगडाच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला ठाकर आणि कातकरी बाया पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन बसल्या असतील. पाठोपाठ जांभळे येतील. ज्या निळ्या-जांभळ्या रंगासाठी आणि त्यातल्या गुणांसाठी लोक परदेशातून गोठवून आलेली फळे विकत घेतात, ती रंगद्रव्ये आपल्या जांभळातही भरपूर आहेत. त्यांना अँथोसायनिन म्हणतात. तेव्हा ब्लूबेरीचा विचार सोडून द्या.

आधी हा पदार्थ कुठून आला ते सांगते, कारण तुमची वाटी पातळ का झाली याचे उत्तर त्यातच आहे. ब्राझीलच्या उत्तरेला, अॅमेझॉन नदीच्या मुखाजवळ, असाई नावाच्या ताडवर्गीय झाडाला काळपट जांभळी फळे येतात. तिथले लोक त्यांचा गर काढून जेवणात खातात. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाच्या भरड पिठाबरोबर, मासळीबरोबर. हे फळ उतरवल्यावर फार लवकर नासते. ते शेकडो कोस दक्षिणेला रिओ शहरात न्यायचे, तर गर गोठवूनच न्यावा लागे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रिओच्या समुद्रकाठच्या खेळाडू मंडळींत हा गोठवलेला गर घुसळून, वर केळ्याचे काप घालून वाटीत खाण्याची पद्धत पडली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि तिथून सगळीकडे पसरली.

म्हणजे गोठवणे ही लांबच्या वाहतुकीची गरज होती. त्या गरात बर्फाचे बारीक कण असतात आणि त्यांच्यामुळेच वाटी घट्ट राहते. तुम्ही ताजी फळे आणि दूध एकत्र मिक्सरमधून काढले असणार. फळात मुळात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के पाणी, त्यात दुधाचे पाणी. मग वरचे शेंगदाणे तरंगणार कशावर?

पण घट्टपणासाठी बर्फच हवा असे नाही. आपल्या स्वयंपाकघरात त्यासाठी दोन जुनी साधने आहेत, चक्का आणि नाचणी.

चक्का तुम्ही श्रीखंडासाठी करत असालच. इथे फक्त तो कमी आंबट हवा. त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यात दही रात्रभर खुंटीला टांगू नका. पंच्यात बांधा, चाळणीवर ठेवा, खाली पातेले आणि ते सगळे फ्रीजमध्ये. सकाळपर्यंत पाणी निथळून लोण्यासारखा मऊ चक्का तयार असतो. दह्यातले पाणी गेल्यामुळे त्यात तेवढ्याच वजनाच्या दह्याच्या दुप्पट-अडीचपट प्रथिने असतात. फळांच्या वाटीत नेमकी हीच उणीव असते. निथळलेले पाणी थालीपिठाचे पीठ मळायला वापरा.

नाचणी तर पश्चिम मावळाच्या डोंगरउतारांवरचे पीक. वरई, नाचणी आणि खुरासणी ही त्रयी तिथे पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि इतके दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या धान्यात नसते. मोठा चमचाभर पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवून मंद आचेवर पाच मिनिटे शिजवा, चिमूटभर मीठ घाला. गरम असताना ते पेजेसारखे वाटेल, निवल्यावर आपोआप आळते. पीठ कच्चे घालू नका. काही चित्रफितींत कच्चे ओट किंवा पिठे थेट घुसळतात. नाचणीच्या बाबतीत तसे केले तर ती दाताखाली कचकचते आणि पोटालाही जड जाते.

आता जांभळाकडे वळू. मिठाच्या पाण्यात ती दहा मिनिटे बुडवून ठेवा, मग दोनदा धुवा. रस्त्याच्या कडेला विकली जाणारी फळे धुळीत असतात, त्यामुळे हे टाळू नका. मिक्सरला हात लावायचा नाही. बी जराशी जरी चिरडली तरी सगळ्या गराला कडवट तुरटपणा येतो. पातेल्यात घालून हातानेच कुस्करा आणि मग पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा चाळणीवर उलथण्याने दाबत काढा. वर बिया आणि सालींचा चोथा राहतो. साली शक्य तितक्या रगडा, कारण रंग जास्त करून सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो. काढलेला गर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा. लोखंडी कढईत किंवा कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ठेवला तर त्याचा रंगही बिघडतो आणि चवही.

रंगाची एक गंमत आहे, ती मुद्दाम पाहा. एका बशीत चमचाभर गर चक्क्यात मिसळा, दुसऱ्या बशीत तोच गर किंचित खायचा सोडा घातलेल्या पाण्यात. चक्क्यातला गर गुलाबीकडे झुकणारा झळझळीत जांभळा होतो. सोड्यातला निळसर, मग मळकट राखाडी. ही रंगद्रव्ये आंबट माध्यमात खुलतात आणि आंबटपणा गेला की मावळतात. म्हणूनही दुधापेक्षा दही-चक्का बरा. नाचणीत मात्र गर कालवू नका, तपकिरी रंग येऊन पाहुणे चमचा उचलणार नाहीत. नाचणीचा थर खाली, जांभळाचा वर.

एका माणसाच्या वाटीचे प्रमाण असे. तळाला वरच्या मापाने शिजवून गार केलेली नाचणी. चार मोठे चमचे चक्का रवीने किंवा चमच्याने फेटून त्यात अर्धी वाटी जांभळाचा गर. गोडीसाठी दोन-तीन चमचे रायवळ आंब्याचा रस, नाहीतर एक भिजवलेला खजूर कुस्करून. साखर आणि मध दोन्ही नकोत. हे नाचणीवर पसरा. वर चमचाभर भाजलेले शेंगदाणे जाडसर कुटून, चमचाभर भाजलेली खुरासणी किंवा तीळ आणि मूठभर ज्वारीच्या लाह्या. लाह्या अगदी वाढताना घाला, दोन मिनिटांत त्या मऊ पडतात. मिक्सरची कुठेच गरज नाही. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते तेव्हा हे सोयीचे पडेल.

केळे का घातले नाही, असे तुम्ही विचाराल. चित्रफितींतल्या जवळजवळ प्रत्येक वाटीत गोठवलेले केळे असते, कारण ते गोड आणि दाट असते. पण केळे कापून ठेवले की काळे पडते ते ज्या वितंचकामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, ते वितंचक शेजारच्या फळांतल्या उपयुक्त द्रव्यांवरही काम करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांसह झालेले एक काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात केळे घातलेली स्मूदी प्यायलेल्यांच्या रक्तात फ्लॅव्हॅनॉल नावाच्या द्रव्यांची पातळी तीच द्रव्ये कॅप्सूलमधून घेतल्यावर होती त्यापेक्षा ८४ टक्क्यांनी कमी आढळली. प्रयोगातली माणसे मोजकीच होती आणि फळही जांभूळ नव्हते. त्यामुळे केळे वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. केळे उत्तम फळ आहे, ते वेगळे खावे, शिकरण करून खावे. पण जांभूळ, करवंद, स्ट्रॉबेरी यांचे गुण मिळावेत म्हणून वाटी करायची, तर दाटपणासाठी केळ्यावर विसंबण्याचे कारण नाही. आंबा आणि दही यांत हे वितंचक फारच कमी असते, म्हणून मी वर रायवळचा रस सुचवला.

करवंदांची वाटी करायची तर पूर्ण काळी, बोटांनी दाबली की दबणारीच घ्या. ‘डोंगरची काळी मैना’ अशी हाळी देऊन विकतात ती नव्हे, तर त्यातली निवडलेली. लालसर राहिलेल्यांना चीक असतो, तो ओठांना चिकटतो आणि घशाला खवखवतो. कोमट मिठाच्या पाण्यात धुतल्यावर तो बराच जातो. करवंदात पेक्टिन भरपूर असल्याने गर स्वतःच आळतो, त्यामुळे चक्का एक चमचा कमी चालेल. आंबटपणा जास्त म्हणून आंब्याचा रस मात्र दुप्पट.

हो, एक आग्रहाची विनंती. ही फळे पहाटे उठून जाळ्यांत हात ओरबाडून घेत गोळा केलेली असतात. पाहुण्यांकडून तुम्ही चांगला दर घेणार असाल, तर ठाकरवाडीतल्या त्या बाईशी घासाघीस करू नका. उलट तिला आधी सांगून ठेवा की अमुक दिवशी इतके शेर जांभूळ लागेल. तिला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल, तुम्हाला रस्त्यावरची धूळ न खाल्लेला माल.

आता पौष्टिक आहे का, या प्रश्नाकडे. उत्तर वाटीच्या आकारावर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांत फळे सुचवली आहेत ती १०० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. हॉटेलातल्या मोठ्या वाडग्यात दोन केळी, अर्धा आंबा, वर पुन्हा फळांचे काप, मध आणि गोड ग्रॅनोला असते. म्हणजे तीन-चार दिवसांची फळे एका बैठकीत, वर साखर. त्याला आरोग्याचे खाणे म्हणणे मला पटत नाही. वर दिलेल्या मापात फळ साधारण १०० ग्रॅमच्या आसपास राहते, चक्का आणि शेंगदाणे मिळून दहा-बारा ग्रॅम प्रथिने येतात आणि नाचणीमुळे वाटी दुपारच्या जेवणापर्यंत धरून ठेवते. तुमच्याकडे पवनेच्या काठी आसने करून येणाऱ्या पाहुण्यांना मोठा वाडगा आवडेल असे वाटले, तरी लहानच वाटी द्या. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले, तेव्हापासून या परिसरात योग शिकवला जातो. त्या परंपरेतल्या हठप्रदीपिका या ग्रंथाने मिताहार सांगताना पोटाचा चौथा हिस्सा मोकळा ठेवायला सांगितले आहे. योग करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

वर चिक्की कुटून घालावी का, असेही तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात लिहिले आहे. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि पुढे चिक्की लोणावळ्याची ओळख होऊन बसली. पाहुण्यांना ती वाटीवर दिसली तर आनंदच होईल. पण चिक्कीत जवळजवळ निम्मा गूळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरातली वरून घातलेली साखर, त्यात गूळ आणि मधही आले, २५ ग्रॅमच्या आत राहिलेली बरी. बोटाच्या पेराएवढा तुकडा कुटून भुरभुरवा, आणि त्या दिवशी आंब्याचा रस घालू नका.

एक शंका अनुभवी गृहिणी नक्की काढतील, आणि ती योग्य आहे : दूध आणि फळ हा विरुद्ध आहार नव्हे का? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुधाबरोबर न खाण्याच्या आंबट द्रव्यांची लांबलचक यादी आहे आणि त्यात करमर्द म्हणजे करवंद आहे, जांभूळही आहे. आंबट फळ दुधात पडले की दूध फाटते, हे तर आपण रोज पाहतो. म्हणून या वाटीत दूध मी कुठेच घेतलेले नाही. दही मुळातच आंबवलेले असते, त्याचे फाटण्यासारखे काही उरलेले नसते. तरी ज्यांच्या घरी आयुर्वेदाचे पथ्य काटेकोर पाळतात असे पाहुणेही असतील. त्यांना नुसती नाचणी आणि वेगळ्या बशीत फळे द्यावीत.

प्रश्न : मला मधुमेह आहे. जांभूळ मधुमेहाला चांगले, म्हणून अशी वाटी मी रोज खाऊ का?
– एक ज्येष्ठ वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : वाटी खा, पण औषध समजून नको. गोळ्या किंवा इन्सुलिन जांभळाच्या भरवशावर एक दिवसही कमी करायचे नाही. तुमच्यासाठी बदल एवढेच : आंब्याचा रस आणि खजूर काढून टाका, गर अर्ध्याऐवजी पाव वाटी घ्या, चक्का आणि शेंगदाणे वाढवा. फळाचा रस गाळून पिण्यापेक्षा गरासकट खाणे केव्हाही चांगले, कारण तंतू शिल्लक राहतात. आणि ही वाटी पोहे-उपम्याच्या ऐवजी खायची, त्यांच्यावर नव्हे. सुरुवातीला ती खाल्ल्यावर दोन तासांनी साखर तपासून पाहा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : जांभळे जूनमध्ये संपतात. पावसाळ्यात आणि थंडीत काय करायचे? लोणावळ्यात जुलैमध्ये गार खायची इच्छाच होत नाही.
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : जिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे जुलैच्या सकाळी बर्फाळ वाटी कोणी खाऊ नये. तेव्हा नाचणी कोमट ठेवा. चक्का फ्रीजमधून तासभर आधी काढा आणि वर डाळिंबाचे दाणे, भाजलेले जवस घाला. ऑगस्टनंतर पुरंदरची सीताफळे येऊ लागतात. त्यांचा गर इतका गोड आणि दाट असतो की चक्क्यात नुसता कालवला तरी पुरे, मात्र बिया एकेक करून काढाव्या लागतात.

पपई आणि अननस यांच्याबाबतीत सावध राहा. दोघांतही प्रथिने तोडणारी वितंचके असतात. दह्यात मिसळून अर्धा तास ठेवले की वाटी पाणी सोडते आणि कडवट लागते. ही फळे वरून घालायची आणि लगेच खायची.

थंडीत महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी लोणावळ्याच्या दुकानांत येते आणि सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे जाते. माझी पसंती पेरूला. क जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट, भाव स्ट्रॉबेरीपेक्षा कमी. पिकलेला पेरू फोडी करून थोड्या पाण्यात वाफवा, गार करून पुरणयंत्रातून काढा. वाफवल्याने थोडे जीवनसत्त्व जाते, पण उरते तेही भरपूर असते. बिया राहतात वर, खाली पडतो तो मलईसारखा गर. त्यात चक्का, चवीला किंचित सैंधव आणि जिरेपूड.

जांभूळच हवे असेल, तर हंगामातच गर काढून बर्फाच्या साच्यांत भरा. गोठल्यावर वड्या डब्यात काढून फ्रीझरमध्ये ठेवा, डब्यावर तारीख लिहा. वापरायच्या आदल्या रात्री लागतील तेवढ्याच वड्या खालच्या कप्प्यात आणा. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवू नका.